‘कुठले पवार?’ : सुप्त पूर्वग्रह आणि विषमतेची जमीन

बीड जिल्ह्यात ‘गड’ म्हटले की तटबंदी, बुरूज किंवा तोफा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. तिथे गड म्हणजे एखाद्या संतपुरुषाचे स्थान, त्याभोवती वाढलेले संस्थान, महंतांची परंपरा, गावोगावचा नारळी सप्ताह आणि आषाढीला पंढरपूरकडे निघणारी पालखी. नगद नारायण महाराजांच्या नावाने ओळखला जाणारा नारायणगड हा अशा गडांपैकी एक जुना आणि मानाचा गड असून भाविक त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट येथे १८९६ साली जन्मलेले आबाजी सानप, म्हणजेच पुढचे भगवानबाबा, याच गडावर महंत माणिकबाबांच्या सहवासात घडले. कालांतराने त्यांनी नारायणगड सोडला, पाथर्डी तालुक्यातील खरवंडीजवळच्या धौम्यगडावर नवे स्थान उभारले आणि १९५८ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते उद्घाटन होऊन ते भगवानगड म्हणून सर्वत्र ओळखले जाऊ लागले. दोन्ही गडांवर तुळशीमाळ तीच, हरिपाठ तोच आणि विठ्ठलही तोच. तरीही आज बीडच्या एखाद्या हॉटेलात यांपैकी एका गडाचे नाव उच्चारले गेले, तर ऐकणाऱ्याच्या मनात विठ्ठलाच्या आधी एक जात उभी राहते, नारायणगड म्हणताच मराठा आणि भगवानगड म्हणताच वंजारी, आणि ती उभी राहिली हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा नारायणगडावर आणि वंजारी समाजातील राजकीय नेत्या पंकजा मुंडे यांचा मेळावा भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाट येथे झाला, तेव्हा कोणत्या रस्त्याने जाणारी गाडी कोणत्या समाजाची हे ओळखायला कोणालाही झेंडा पाहावा लागला नाही.

मनाच्या या नकळत होणाऱ्या झुकावासाठी मानसशास्त्रात ‘सुप्त पूर्वग्रह’ म्हणता येईल अशी एक संकल्पना आहे. उघड पूर्वग्रह बाळगणाऱ्याला आपले मत ठाऊक असते आणि तो ते बोलूनही दाखवतो. सुप्त पूर्वग्रह असलेल्या माणसाला मात्र आपण सर्वांना सारखे मानतो असे प्रामाणिकपणे वाटत असते, आणि तरीही त्याचे लक्ष, त्याचा संशय, त्याची सहानुभूती विशिष्ट लोकांकडे अधिक सहजतेने वळते. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सिकंदराबादेत जन्मलेल्या महजरीन बानाजी यांनी १९९५ साली या कल्पनेला सैद्धांतिक रूप दिले आणि १९९८ साली ग्रीनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्याची एक चाचणी पुढे आणली. संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक चेहरे किंवा नावे आणि बरेवाईट शब्द येतात, दोन कळांपैकी एक दाबून त्यांची विभागणी करायची असते, आणि एका समूहाचे नाव ‘चांगले’ या शब्दासोबत जोडताना दुसऱ्या समूहाच्या तुलनेत बोट किती मिलिसेकंद अडखळते यावरून मनातील जोडण्यांचा अंदाज बांधला जातो. ही चाचणी अमेरिकेत प्रचंड गाजली आणि तिच्या आधारे कंपन्या, पोलीस दले व विद्यापीठे यांच्यासाठी प्रशिक्षणांचा एक मोठा धंदाच उभा राहिला.

अडचण अशी की बोटाचे हे अडखळणे आणि माणसाचे प्रत्यक्ष वागणे यांतील नाते पुरेसे घट्ट निघाले नाही. पॅट्रिक फॉर्शर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा चाचणीतील गुण थोडेफार बदलता येतात, पण ते बदलल्यामुळे वागणूक बदलते याला आधार मिळत नाही, असे दिसून आले. त्यावरून काहींनी संपूर्ण कल्पनाच मोडीत काढली, तर काहींनी अधिक चांगल्या चाचणीची वाट पाहायचे ठरवले. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. त्या आढाव्यातून एवढेच सूचित होते की पूर्वग्रहाला एकेकट्या डोक्यात कोंडलेली वस्तू मानून तिचा शोध घेणे ही पद्धतच अपुरी असावी. आणि बीडसारख्या जिल्ह्यात तो डोक्याबाहेर कुठे कुठे ठेवलेला आहे हे जितके स्वच्छ दिसते तितके प्रयोगशाळेत दिसणे शक्य नाही.

पहिली जागा आडनावाची. मराठवाड्यात अनोळखी माणसाशी बोलणे सुरू झाले की ‘पाव्हणं, गाव कोणतं?’ हा प्रश्न आधी येतो आणि ‘आडनाव काय?’ हा त्याच्या पाठोपाठ. अनेक आडनावांनी उत्तर पूर्ण होते. पण पवार, जाधव, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत आढळतात. पवार मराठा असू शकतो, बंजारा असू शकतो, पारधी असू शकतो, बौद्धही असू शकतो, आणि अशा वेळी तिसरा प्रश्न येतो, ‘कुठले पवार?’ हा प्रश्न कोणत्याही वैरभावाने विचारलेला नसतो, विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा आपुलकीच असते, आणि उत्तर देणाराही न दुखावता सोयरिकीतले एखादे गाव सांगून टाकतो. सुप्त पूर्वग्रहाच्या प्रचलित व्याख्येत मन समोरच्याची ओळख पाहते आणि आपोआप झुकते. इथे मात्र ओळख धूसर असेल तर मन अस्वस्थ होते आणि ती मिळेपर्यंत विचारत राहते. म्हणजे झुकाव नकळत असला तरी त्याला लागणारी माहिती गोळा करण्याची रीत पूर्णपणे सार्वजनिक, शिष्टसंमत आणि तोंडपाठ आहे.

हीच रीत शहरी इंग्रजीत गेली की तिचे रूप पालटते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. जात पाहण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असे अधिकारी सांगत होते आणि त्याच वेळी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे त्यांना अत्यंत स्वाभाविक वाटत होते. वडील काय करतात, घरात किती जण शिकलेले, कोणत्या गावचे, ही ‘कुठले पवार?’ या प्रश्नाचीच इस्त्री केलेली आवृत्ती होय. परिणामही मोजलेला आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण व अनुभव सारखाच, फरक फक्त नावात, म्हणजे काही अर्जांवर उच्चजातीय, काहींवर दलित आणि काहींवर मुस्लीम नाव. उच्चजातीय नावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची जी संधी होती, तिच्या तुलनेत दलित नावाचे संधी-गुणोत्तर ०.६७ आणि मुस्लीम नावाचे ०.३३ निघाले. अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी कितींनी जाणूनबुजून तसे केले आणि कितींचा हात आपोआप तिकडे गेला हे या आकड्यांतून कळत नाही, आणि ज्याला बोलावणे आले नाही त्याच्या दृष्टीने हा भेद फारसा महत्त्वाचाही नाही.

बीडमध्ये हा प्रश्न पोलिसांच्या छातीवरील पट्टीपर्यंत येऊन ठेपला. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या संतापात, गुन्हेगार व राजकारण यांच्या संबंधांची चर्चा सुरू असतानाच, कोणत्या ठाण्यात कोणत्या आडनावाचे अधिकारी किती, याच्या याद्या समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. २०२५च्या सुरुवातीला जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी असे सांगितले आणि पुढे गणवेशावर तसेच टेबलावर केवळ पहिले नाव असलेल्या पट्ट्या देण्यात आल्या. या निर्णयाची थट्टा करणे सोपे आहे, कारण ज्या ठाण्यात प्रत्येकाची जात प्रत्येकाला ठाऊक आहे तिथे पट्टी बदलून काय साधणार, असे कोणीही विचारू शकतो. पण ही थट्टा निर्णयाच्या खऱ्या लाभार्थ्याला विसरते. तो लाभार्थी म्हणजे तक्रार घेऊन पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढलेला माणूस. समोरच्या टेबलावरचे आडनाव वाचून ‘इथे आपले कोणी ऐकणार नाही’ असे ठरवून तो परत फिरत असेल, तर पूर्वग्रह पोलिसाच्या मनात नसतानाही त्याने आपले काम केलेले असते.

अपेक्षेचा हा परिणाम किती खोल जातो हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांच्या उत्तर प्रदेशातील प्रयोगात दिसते. सहावी-सातवीच्या वयोगटातील मुलांना कागदावरची चक्रव्यूहासारखी कोडी सोडवायला दिली आणि प्रत्येक कोड्याला पैसे ठेवले. जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च मानल्या गेलेल्या आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. वडिलांचे, आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तीच, बक्षीसही तेच होते. मराठी शाळेत हजेरीच्या वेळी किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना ‘अमक्या प्रवर्गाच्या मुलांनी उभे राहा’ असे सांगण्याची जी सवय आहे, ती घालून देणाऱ्या शिक्षकाला आपण अशाच एखाद्या प्रयोगाचा दुसरा भाग वर्गात चालवत आहोत याची कल्पनाही नसते.

रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने आणखी अवघड गोष्ट पुढे आणली. उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर जात यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवावी तशी, लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या असता, ज्या उत्तरपत्रिकेवर खालची मानली गेलेली जात लिहिली होती तिला किंचित कमी गुण पडले. आणि हा कल प्रामुख्याने स्वतः त्याच स्तरातून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत आढळला. ज्यांना पूर्वग्रह म्हणजे वरच्यांनी खालच्यांवर केलेला हल्ला एवढेच माहीत आहे त्यांना हा निष्कर्ष चक्रावून टाकतो, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेली श्रेणीबद्ध विषमतेची कल्पना समोर ठेवली तर त्यात नवल उरत नाही. जातिव्यवस्था समाजाचे दोन तुकडे करून थांबत नाही, ती पायऱ्यांची उतरंड रचते, आणि उतरंडीतील प्रत्येकाला वरच्याचा जाच असतो तसाच खालच्याच्या वर असण्याचा दिलासाही असतो. जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे, असे आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात मांडले होते. त्यातला अर्धाच भाग आज सोयीने सांगितला जातो. मनाची अवस्था म्हणजे मन बदलले की सुटणारी गोष्ट असे त्यांनी मुळीच म्हटले नव्हते. त्या अवस्थेमागे शास्त्रांचे अधिष्ठान आहे आणि ते हलवल्यावाचून मन हलणार नाही, हा त्यांचा आग्रह होता.

इथे मूळ प्रश्न उभा राहतो, की पूर्वग्रहातून विषमता जन्मते की विषमतेतून पूर्वग्रह? दोन्ही एकमेकांना पोसतात, हे उत्तर खरे असले तरी आळशी आहे, कारण त्यात आधी काय हलवायचे ते सांगितलेले नसते. कीथ पेन आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले आहे की एखाद्या व्यक्तीचा सुप्त पूर्वग्रहाचा गुण काही आठवड्यांतही बराच बदलतो, परंतु एखाद्या प्रदेशाची सरासरी वर्षानुवर्षे जवळपास तीच राहते. अमेरिकेच्या दक्षिणेत १८६०च्या जनगणनेत ज्या काउंट्यांमध्ये गुलामांचे प्रमाण अधिक होते तिथल्या आजच्या गोऱ्या रहिवाशांचा सुप्त पूर्वग्रहही अधिक आढळतो. माणसे गेली, पिढ्या गेल्या, तरी जागेने आपला धडा टिकवून ठेवला. जिथे रोजचे दृश्यच असे आहे की अमुक लोक अमुक कामे करतात, अमुक वस्तीत राहतात आणि अमुक दाराशी थांबतात, तिथे मनाला वेगळा पूर्वग्रह शिकवावा लागत नाही, ते डोळ्यांनी पाहूनच शिकते.

पारध्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश मुलखात काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, हजेरी आणि काटेरी तारेच्या वसाहती लादल्या. हा पूर्वग्रह सुप्त नव्हता, तो राजपत्रात छापलेला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पण चोरी झाली की संशयाची पहिली नजर पालाकडे वळण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही, ती कागदावरून उतरून अंगवळणी पडली, आणि आष्टी-पाटोद्याच्या माळावर पाल टाकून राहणाऱ्या कुटुंबाला जातीचा दाखला काढायला गेल्यावर पत्त्याचा पुरावा मागितला जातो तेव्हा त्या जुन्या कायद्याचीच सावली कारकुनाच्या अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या प्रश्नावर पडलेली असते. कालचा उघड नियमच आज सुप्त सवय म्हणून उरतो, असे मानले तर ‘माझ्या मनात तसे काही नव्हते’ हा खुलासा खरा असूनही अपुरा का ठरतो ते समजते.

म्हणूनच केवळ नावे बदलण्याला मर्यादा पडतात. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला, आणि जातीचे नाव पत्त्यातून जाणे ही स्वागतार्हच गोष्ट होती. पण वस्ती गावाच्या ज्या टोकाला होती त्याच टोकाला राहिली, स्मशानभूमीचा रस्ता आणि पाण्याच्या टाकीपासूनचे अंतर तेवढेच राहिले, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलालाही ‘समतानगर’ म्हणजे कोण हे लवकरच कळू लागले. पाटी बदलली की मन नव्याने शिकते हे खरे, मात्र ते जमिनीवरून जुनाच धडा शिकते.

बीडमधील विषमतेचा सर्वांत मोठा भाग तर कोणाच्याही आडनावात नाही, तो हिशेबाच्या शब्दांत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांची मोजणी ‘कोयत्या’त होते, एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, आणि एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी जी ‘उचल’ देतो ती या जोडीच्या दोन्ही अंगमेहनतींवर दिलेली आगाऊ रक्कम असते, पण ती बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणे, आणि पहाटे व रात्री खोपीवरचा स्वयंपाक ही कामे करणारी बाई हिशेबात कोयत्याचा अर्धा भाग म्हणून येते. कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो, त्यामुळे पाळीच्या दुखण्याला, गर्भारपणाला आणि अंगावरून जाण्याला या हिशेबात एकच नाव उरते. याचे टोकाचे रूप गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांत दिसते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर २०१९ साली आलेल्या माहितीनुसार जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे जवळपास दर सहा जणींमागे एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले गेले होते, आणि तुलना तंतोतंत नसली तरी अंतर झाकता येण्यासारखे नाही.

यात पूर्वग्रह कुठे आहे? तो डॉक्टरच्या मनात शोधता येईल: ही बाई हंगामावर गेली की पुन्हा तपासणीला येणार नाही, तिला मुले झालेली आहेत, तिला औषधोपचाराची वाट दाखवून उपयोग नाही, हे तिला न विचारता तिच्याबद्दल आधीच मानून घेणे म्हणजे सुप्त पूर्वग्रहच होय. पण त्या डॉक्टरला कितीही प्रशिक्षण दिले तरी बाईला सहा महिने गावापासून दूर राहायचे आहे, उसाच्या फडावर दवाखाना नाही आणि खाड्याचा दंड भरायचा आहे, ही वस्तुस्थिती त्याच्या अंदाजाला रोज नवा पुरावा पुरवत राहते. पूर्वग्रह इथे चुकीची माहिती राहत नाही, अन्याय्य परिस्थितीचे बरोबर वाचन होऊन बसतो, आणि त्यामुळेच तो मोडायला सर्वांत कठीण जातो. दुष्काळी जमीन, पाण्याचे वाटप, कारखान्यांची करारपद्धती आणि विमा-आरोग्याची सोय यांत बदल झाल्यावाचून फडावरच्या बाईविषयीचे ते ‘बरोबर’ वाटणारे अनुमान चुकीचे ठरण्याची वेळच येत नाही.

आरक्षणाच्या वादातही हीच गोम आहे. कोयता खांद्यावर घेऊन निघणाऱ्यांत वंजारी आहेत, मराठा आहेत, दलित आणि बंजारा आहेत. एकाच मुकादमाच्या टोळ्यांत, एकाच फडावर त्यांच्या खोप्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. तरी दसऱ्याच्या दिवशी एका मेळाव्यातून दुसऱ्याकडे पाहिले की समोरच्या समाजाचे आमदार, गाड्या आणि बंगले दिसतात, तर स्वतःच्या समाजाचे म्हणून कर्जबाजारी शेतकरी आणि बेरोजगार पोरे दिसतात. दोन्ही दृश्ये खोटी नाहीत. आपल्यातला गरीब हा नमुना आणि दुसऱ्यातला श्रीमंत हाही नमुना, अशी निवड मन करते, आणि ही निवड करताना त्याला आपण काही निवडतो आहोत असे वाटत नाही; उच्चारलेल्या कोणत्याही शिवीपेक्षा हा मोजणीतला झुकाव राजकारणाला अधिक उपयोगी पडतो.

या जिल्ह्याला आडनावाशिवाय जगण्याची रीत परकी नाही. नारायणगडाची पालखी निघते तेव्हा दिंडीत चालणारा प्रत्येक जण दुसऱ्याला ‘माऊली’ म्हणतो, आणि वयाने, जातीने, पैशाने मोठा असलेलाही समोरच्याच्या पायाला हात लावतो. पोलीस ठाण्यातील पहिल्या नावाची पट्टी हा प्रशासनाने केलेला शोध वाटत असला तरी वारीने तो कितीतरी आधी केलेला आहे, आणि वारीचा अनुभवच त्याची मर्यादाही सांगतो: वाटेवर माऊली असलेला माणूस आषाढी आटोपून गावी परतला की पुन्हा आपल्या गल्लीचा, आपल्या भावकीचा होतो, कारण वाटेवर जमिनीचा सातबारा नव्हता आणि गावात तो आहे. त्यानंतर पाऊस सरतो, दसरा जवळ येतो आणि उचलीची बोलणी सुरू होतात. मुकादमाच्या वहीत उचल घेणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम लिहिली जाते. त्याच्यासोबत फडावर जाणाऱ्या बाईचे आडनाव झाकण्याचा प्रश्न तिथे येत नाही, कारण त्या ओळीत बहुधा तिचे नावच नसते, ‘कोयता १’ एवढीच नोंद असते.